उंदरानं खाल्लेल्या ओळी

भरत पास झाला. पण हे इतक्यात कळून कुणाचंच भलं व्हायचं नाही, तेव्हा तो अजून पास झालेलाच नाही असं धरून चालू.

तर भरत अवसरीच्या घरी ओट्यावर बसून उतारा वाचत होता. कारकुनाच्या भरतीची ही त्याची शेवटची खेप. पुढच्या साली वय उलटणार होतं. सरावाच्या पुस्तकाला मात्र वयाची अट नव्हती. थोरल्या भावानं, चांगदेवानं, ते एक्क्याण्णव साली मंचरच्या स्टँडवर घेतलं आणि नापास होऊन तो टेम्पो चालवायला लागला. मग बहिणीनं, आरतीनं, त्यावर अभ्यास केला आणि नापास होऊन ती पेठला नांदायला गेली. जाताना प्रत्येकानं आपल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून ठेवल्या. शेजाऱ्याचं भांडं घासून परत द्यावं तसं.

"कुंडलिकची आई तापाने फणफणली होती," भरत मोठ्यानं वाचत होता. मोठ्यानं वाचलं की डोक्यात राहतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. "घरात दुसरे कोणी नव्हते. औषध आणायला कुंडलिक घाट उतरून शहराकडे निघाला."

पुढच्या ओळी उंदरानं खाल्लेल्या. प्रश्न शिल्लक होते. ते शेजारच्या पानावर होते आणि उंदराला प्रश्नांत रस नसावा. कुंडलिकच्या अंगी कोणता गुण दिसतो?

"ब. चिकाटी," भरत म्हणाला. प्रश्नाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

शेजारी त्याची आई चिमाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"आला का रं माघारी?"

"कोण?"

"कुंडलिक."

"आये, आमा तिघांनाबी तू हेच इचारत आलीस. पेपरात हे इचारत न्हाईत."

"त्यांना काय काळजी? म्हातारी घरात एकली हाय. तिला कुणी घोटभर पाणी तरी दिलं का?"

एकदा वैतागून भरतनं 'आला' म्हणून सांगून पाहिलं होतं. तर औषध लागू पडलं का, आणि पोरगा पुन्हा शहरात तर नाही ना गेला, इथून नवीन पेपर सुरू झाला. तेव्हापासून तो खरं तेच सांगायचा. खरं म्हणजे, माहीत नाही.

परीक्षा पुण्याला होती. भरतनं पान उलटलं, तर कुंडलिकच्या आईला ताप आलेला. पेपर काढणाराही दमलेला माणूस असावा. त्यानंही जुनाच माल झटकून ठेवला होता. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. भरतच्या हातानं आपसूक ब, ड, अ, अ, क करून टाकलं. उरलेला वेळ त्यानं गणिताला दिला. शेवटी प्रश्नपत्रिका गोळा करून नेल्या.

"आये, आपलाच उतारा आलता!" घरी आल्या आल्या तो म्हणाला.

चिमाबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आख्खा?"

"आख्खा. खाली चार वळी जास्तीच्या व्हत्या."

"मंग? आला का?"

भरतनं चप्पल काढली. मग ती नीट लावून ठेवली. चप्पल नीट लावायची त्याला सवय नव्हती.

"म्या वाचल्याच न्हाईत. उत्तरं पाठ व्हती."

चिमाबाईनं जुडी खाली ठेवली. "वाचायचाच पेपर व्हता ना रं?"

आता तो पास झाला म्हणायला हरकत नाही. उताऱ्यावर पैकीच्या पैकी. नेमणूक गडचिरोलीला. चांगदेव टेम्पोतून पेढे घेऊन आला. आरती पेठहून येऊन रडून गेली. चिमाबाई पेढा हातात धरून बसून राहिली. गडचिरोली किती लांब, एष्टी कुठून, सुट्टी किती, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. तिनं कुंडलिकचंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी भरतनं सरकारी भाषेतला आपला पहिला अर्ज लिहिला. मा. परीक्षा नियंत्रक यांस. विषय, उताऱ्याच्या शेवटच्या चार ओळी मिळणेबाबत. खाली मजकूर एवढाच:

'तरी सदर कुंडलिक घरी परत आला किंवा कसे, हे अर्जदार नोकरीवर रुजू होण्यापूर्वी त्याच्या आईस लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'