कापसाचं वादळ

अक्काच्या पत्राला त्याने कधीच उत्तर दिलं नव्हतं. त्यातली शेवटची ओळ मात्र त्याला पाठ होती: "इकडे आता सगळं शांत झालं आहे, ये." ती ओळ आज पुन्हा आठवली, तेव्हा त्याचे दोन्ही हात डिंकाने बरबटले होते आणि समोर मुलं कापूस पिंजत बसली होती.

ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही तो शनिवारी सकाळी वाचनालयात, मुलांच्या खोलीत येत असे. दर वर्षी एकदा चक्रीवादळ शिकवायचं, हे ठरलेलं. कागदी ताटलीच्या मधोमध भोक पाडायचं. भोकाभोवती कापूस ओढून ओढून भोवऱ्यासारखा चिकटवायचा. झालं वादळ. मग लांब कागदावर एक गाव काढायचं आणि ताटली त्यावरून हळूहळू सरकवत न्यायची. कापसाखाली गेलेली घरं वादळात. भोकातून दिसणारं घर वादळाच्या डोळ्यात. तिथे वारा नाही.

एका मुलाने मुख्याध्यापकांचं घर छपराशिवायच काढलं होतं. तेवढंच वादळाचं काम वाचवलं, असं त्याचं म्हणणं. चष्मा लावणाऱ्या सगळ्यात लहान मुलीने आपल्या घराला उघडझाप होणारं कागदी दार चिकटवलं होतं. दाराआड आई, बाबा, ती स्वतः आणि मांजर. मांजर बाबांपेक्षा मोठं होतं.

त्याने ताटली सरकवली. गाव कापसाखाली गेलं. चष्मेवालीचं घर भोकात आलं, तसा तो थांबला.

"वारा पडला. लख्ख ऊन. यायचं का आता बाहेर?"

सगळे हो म्हणाले. दर वर्षी म्हणत.

"नाही," तो म्हणाला. चार लोकांत ज्याचा आवाज फुटत नसे, तो हा एक शब्द मात्र ठासून म्हणायचा. मग त्याने समजावून सांगितलं, की अर्धं वादळ अजून यायचं आहे, आणि आता वारा उलट्या बाजूने येणार. माणसं फसतात ती इथेच. शांत झालं म्हणून दार उघडतात.

धडा इथे संपायचा. मुलं हात धुवायला पळाली. ताटली गावावर तशीच राहिली.

आई गेली तेव्हा भरल्या घरात नातेवाइकांनी अक्काला बोल लावले होते, की हिने आईकडे लक्ष दिलं नाही. आईचं सगळं अक्कानेच केलं होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो कोपऱ्यात पुस्तक धरून उभा राहिला. बोलला नाही. पुढे अक्काचं पत्र आलं आणि त्याला वाटलं, हा डोळा आहे. आपण गेलो, की अक्का एकच गोष्ट विचारणार: तू का गप्प बसलास? त्याने पत्र नीट घडी घालून ठेवून दिलं. तेव्हा त्याला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

"आजोबा, ही ताटली पुढे का नाही नेत?"

चष्मेवाली हात न धुताच परत आली होती.

"धडा इथेच संपतो, बाळ."

"पण वादळ कुठे संपलंय?"

तिने ताटलीवर बोट ठेवलं आणि ती सरकवली. घर पुन्हा कापसाखाली गेलं. तिने तोंडाने वाऱ्याचा आवाज केला, जरा जास्तच वेळ केला. मग कापूस संपला, ताटलीची कड आली आणि घर बाहेर निघालं. तिने नखाने कागदी दार उघडलं.

"आता येऊ देत की त्यांना बाहेर. नाहीतर आत बसून बसून म्हातारी होतील."

तिचं काय चुकलं, हे तो सवयीने शोधू लागला. काही सापडलं नाही.

"येऊ देत," तो म्हणाला.

मुलं घरी गेल्यावर तो त्यांच्याच बुटक्या टेबलाशी बसला. गुडघे छातीला लागत होते. हल्लीच भाच्याचा, अक्काच्या मुलाचा, फोन आला होता. आईला आता फोनवर ऐकूच येत नाही, नुसती हो हो करते, असं तो सांगत होता. "मामा, काय असेल ते लिहूनच पाठवा." बोलायचं होतं तेव्हा तो बोलला नव्हता. आता बोलला, तरी तिला ऐकू जाणार नव्हतं.

याआधी त्याने पुष्कळदा लिहायला घेतलं होतं. दर वेळी कारणं पान भरून व्हायची आणि मग तो पान फाडायचा. आज त्याने एवढंच लिहिलं:

"अक्का, मी तेव्हा बोलायला हवं होतं. तू विचारशील, या भीतीने आलो नाही. येतो आहे. विचार."

कोपऱ्यावर पोस्टमन पत्रपेटी रिकामी करायला आला होता. समोरचं पाकीट बघून, खालचं दार उघडायच्या आधी तो बाजूला झाला. म्हाताऱ्याने पाकीट फटीत सरकवलं. अर्धं आत, अर्धं त्याच्या चिमटीत. पोस्टमन किल्ली हातात घेऊन थांबला. बराच थांबला.

"काका, सोडा की."

"हाताला डिंक लागलाय," तो म्हणाला.

"मग जरा झटका."

पाकीट आत पडलं. बोटाला कापसाचा एक तंतू तेवढा चिकटून राहिला. वारा नव्हता, तरी तो हलत होता.