भूमिकेपुढचं एन.एन.

“काका, ही एन.एन. दिसायला बरी आहे का?” मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न वीब्केने दिग्दर्शक टामेनकाकांना एका दमात विचारला. गावच्या नाटकमंडळाचं पोस्टर तीच टाइप करत होती, आणि ‘खलाशाची लेक’ या भूमिकेपुढे हीच अक्षरं होती. काका खदखदून हसले. “अगं वेडे, नट ठरला नसेल तर आपण एन.एन. छापतो! आपली ‘लेक’ हाम्बुर्गला शिकायला गेली. आज चारपर्यंत कोणी मिळाली नाही, तर ईस्टरचा प्रयोगच रद्द.” वीब्केने टाइप करणं थांबवलं. तालमींत पडद्याआडून संवाद पुरवणारी ती. लेकीची वाक्यं तिला झोपेतही पाठ होती. “मी म्हणून दाखवू?” तिने दाखवली, तसं काका बघतच राहिले. “नाव बिनचूक टाइप कर, तुझं!” घरी ती दारातूनच ओरडली, “आईबाबा, ईस्टरच्या सुट्टीत तुम्ही दोघंच समुद्रावर जा, मी नाटकात काम करतेय!”