तेलपाणी

"चालतं आता." गुणवंतरावांनी पिस्तूल जपानी वर्तमानपत्रावर ठेवलं. "दहा दिवस गेले. घोडा पार गंजून बसला होता."

यतीन ऑफिसची बॅग खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. जपानमधल्या इचिकावातलं हे जुनं घर त्याने भाड्याने घेतलं होतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात महायुद्धाच्या काळातलं लष्करी पिस्तूल आहे, हे मालकिणीलाही माहीत नसावं. ते सापडलं वडिलांना. आणि वडिलांनी सैन्यात तीस वर्षं बंदुकाच दुरुस्त केल्या होत्या.

"बाबा, सापडलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"बिघडलेलं काय दाखवायचं?"

यतीनने फोनवर कायदा शोधला. उत्तरा नवऱ्याच्या खांद्यावरून वाचत होती. गोळी उडत नसेल तर ते नुसतं लोखंड. उडत असेल तर बंदूक, आणि घरात ठेवली तर तुरुंग. तेवढं वाचून त्याने फोन उलटा ठेवला. अकरा वर्षांनी त्यांनी इथे कायम राहण्यासाठी अर्ज केला होता. याच महिन्यात उत्तर यायचं होतं.

"नदीत टाकू," उत्तरा म्हणाली. "कचऱ्यात नको. इथे पिशव्या उघडून बघतात."

"पुलावर कॅमेरे आहेत." यतीन खाली बसला. "पोलिसांना बोलवावंच लागेल. बाबा, त्याआधी हे पहिल्यासारखं करा."

"गंज परत चढवता येत नाही रे."

"मग मोडा."

"चांगलं हत्यार मी आजवर मोडलेलं नाही."

यतीनने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. हात काढेचना.

गुणवंतरावांनी शंभर येनच्या दुकानातून आणलेली कानस उचलली. गोळीवर आदळून ती उडवणारी फायरिंग पिन काढली. भिंतीकडे तोंड करून अर्धा तास घासत बसले. मग पिन परत बसवली आणि म्हणाले, "बोलव त्यांना."

दोन पोलीस आले. बूट काढून आत बसले. त्यांतल्या साहेबाने यतीनपुढे एक कागद सरकवला.

"अशी जुनी हत्यारं अधूनमधून निघतात," तो म्हणाला. "चालू असो, बंद असो. स्वतःहून कळवलंत, की आम्ही सही घेतो आणि घेऊन जातो. चार दिवस उशीर झाला तरी चालतं. लोक घाबरतात, आम्हाला कळतं."

यतीनने पेन उचललं.

दुसरा पोलीस पिस्तूल खोलत होता. त्याने पिन दिव्याखाली धरली आणि साहेबाला दाखवली. टोक ताजं, पांढरं होतं. साहेबाने कागद हळूच मागे ओढला.

"हे आज कोणी घासलं? काय लपवायचं होतं?"

यतीनने पेन खाली ठेवलं. गुणवंतरावांना जपानी येत नव्हतं. त्यांनी त्या पिनेकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. नखांत लोखंडाचा कीस चमकत होता.