मांडीवरची टोपली

शोरूमच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. पांढरी उंच, ऐसपैस. लाल बुटकी, रस्त्याला पोट लावून बसलेली. किमतीत फार फरक नव्हता.

गुरूला पांढरी पाहिजे होती. त्याच्या पोरीला, धनलक्ष्मीला, लाल. लायसन काढून वर्ष झालं तरी बापानं तिच्या हातात स्टेअरिंग दिलं नव्हतं. माल पोचवायला तो ड्रायव्हर ठेवणार होता.

सेल्समन लालचं कौतुक सांगत होता. पिकअप, टर्बो, वळणावरची पकड.

"सांगून काय हुतंय?" गुरूची आई शिवबाई म्हणाली. कडक भाकरीचा धंदा तिनंच उभा केलेला. हाटेलांना द्यायच्या टोपल्या संगंच होत्या. त्यातली एक मांडीवर घेऊन ती पांढऱ्या गाडीत मागं जाऊन बसली. "विमानतळापर्यंत जाऊन यायचं. भाकरी मोडली, गाडी नापास."

गुरूनं पांढरी चालवली. स्पीडब्रेकरवर आदळली, वळणावर एका बाजूला कलली. परत आल्यावर शिवबाईनं फडकं उघडलं. पापडासारख्या भाकरी, निम्म्यांचा चुरा.

मग नवी टोपली घेऊन ती लाल गाडीत बसली. धनलक्ष्मीनं बापापेक्षा जोरात नेली आणि आणली. गिअर कधी पडला, कळलंही नाही. एक भाकरी मोडली नव्हती.

"सस्पेन्शन, साहेब!" सेल्समन खूश झाला.

"व्हय, गाडीच तशी हाय," गुरू म्हणाला. "चला, लालच घेऊ. ड्रायव्हर चालवंल."

धनलक्ष्मीचा चेहरा उतरला. शिवबाई मात्र जागची हलली नाही.

"ड्रायव्हर मागनं. आदी तू चालीव ही लाल. अन् पांढरी ही पोरगी चालवंल."

गुरूच्या हाती लालमध्ये पहिल्यापेक्षा जास्त चुरा झाला.

"जत्रेत येवढा उंच नंदीध्वज पेलतोस की रे," शिवबाई म्हणाली. "आईच्या मांडीवरची टोपली पेलंना व्हय?"

"अव्वा, लोक ऐकायलेत," गुरू आईला म्हणाला.

"ऐकू दे."

शेवटी धनलक्ष्मी पांढरी घेऊन गेली. वाटेत रिक्षा आडवी आली, तिनं ब्रेक लावला, तरी शिवबाईच्या मांडीवर टोपली हलली नाही. परत आल्यावर गुरूनं स्वतः फडकं उघडलं. तळातली भाकरी काढली. उजेडात धरली. उलटी करून बघितली. कुठं चीर नव्हती.

"मग आजी, कुठली फायनल?" सेल्समननं विचारलं.

"मला काय इचारतोस? चालवणारीला इचार."

"लाल," धनलक्ष्मी म्हणाली. "पांढरीला वळ म्हटलं की ती इचार करत बसती. लाल ऐकती."

शिवबाई लाल गाडीत पुढं जाऊन बसली. टोपली गुरूच्या हातात दिली.

"अजून एक चक्कर मार गं. अन् तू मागं बस रे. नीट धर."

गाडी निघाली. चौकातल्या वळणाला गुरूनं टोपली दोन्ही हातांनी छातीशी आवळली. वळण कधी सरलं, त्याला कळलंच नाही.