दानम्माच्या नावाची चिठ्ठी

"आत्या, अंगठा हलवू नको. चिठ्ठ्या आत्ताच वाटायला निघाल्यात."

दानम्मानं स्टुलावर पसरलेला पाय गप ठेवला. मंजुश्रीनं डब्यातलं जेल जखमेवर मसुराएवढं टेकवलं. अकरावीसाठी लातूरला आल्यापासून ती आत्याकडंच राहायची, आणि वर्गात शिकलेलं सगळं आधी आत्यावर आजमावायची.

"पेप्टाइड म्हणजे इवलीशी चिठ्ठी. कातडीच्या पेशींना सांगते, इथं फाटलंय, शिवायला या. आणि चुकत नाही हं, बरोबर पत्त्यावर जाते."

"म्हंजे माझ्यासारख्या शिंपिणीच की त्या."

कोपऱ्यात शिलाई मशीन चादर पांघरून झोपलं होतं. त्याच्याच पायडलनं अंगठा सोलला होता. साखरेच्या आजारानं बधिर झालेल्या पायाला कळलंसुद्धा नव्हतं. अंगठा गेला तर पायडल गेलं, आणि वीस वर्षांची ब्लाउजं गेली.

"डॉक्टर तर म्हणले, एवढुशी हाय, भरंल. मग डब्यावर असं का लिवलं गं?"

डब्यावर लिहिलं होतं: दानम्मा, वय ५४. जखम खोल. पेप्टाइड जेल. न भरल्यास अंगठा काढावा लागेल.

"पेशंटला तोंडावर कोण सांगतं, आत्या?"

"आन् मला चोपन्नची म्हातारी केली. पंचेचाळीसची हाय मी."

"आकडे उलटे पडले असतील. आधी अंगठा सांभाळ, मग वय."

डबा मंजुश्रीनंच आणला होता. दवाखान्याच्या खिडकीवर ही गर्दी; आतून 'दानम्मा' अशी हाक आली आणि तिनं कोपरं मारत हात पुढं घातला. जळकोटहून आलेली लाजाळू मंजुश्री मागंच उभी राहिली असती. ही नवी मंजुश्री मागं राहिली नव्हती.

दुपारी दानम्माला डुलकी लागायची. जागी झाली की सपन सांगायची. सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तानं घातलेल्या मुंगीएवढ्या बाया जखमेच्या काठावर पाय सोडून बसल्यात, गुणगुणत टाके घालून राहिल्यात.

"एकीनं तर मलाच दोरा मागितला."

"दिलास का?"

"गुलाबी दिला."

आणि खरंच, काठ गुलाबी झाला. महिनाभरानं जखमेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कोवळी कातडी आली. मंजुश्री ती भिंगातून बघत बसायची. एवढ्या बारीक चिठ्ठीनं एवढं मोठं माणूस वाचतं, या विचारानं तिला हवेत चालल्यासारखं वाटायचं.

तपासणीला दोघी लवकरच जाऊन बसल्या. रिकामा डबा मंजुश्रीच्या मांडीवर होता. आतून हाक आली, "दानम्मा."

आत्या उठली. समोरच्या बाकावरची एक बाईही वॉकर धरून उठली. तिच्या पायाचं पांढरं बँडेज अंगठ्याच्या जागी सपाट होतं.

"तुमीबी दानम्माच का?" आत्या हसली.

"हाव की." बाईही थकल्यासारखी हसली. "मला साधं मलम दिलं होतं. डब्यावर 'जखम किरकोळ' लिवलेलं, म्हणून आमी निवांत राहिलो."

तिनं वॉकरला अडकवलेल्या पिशवीतून डबा काढून दाखवला. आत्याला वाचून दाखवावं म्हणून मंजुश्रीनं तो हातात घेतला.

दानम्मा, वय ४५.