राखणकण

दुधाने छाती दाटून पुन्हा गाठ झाली, तरी शाल्मली घाबरली नाही. विसाव्या वर्षी तिथेच एक साधी गाठ झाली होती. कॅन्सरची नाही म्हणून सगळे सांगत होते, पण तिची झोप उडाली ती उडालीच. मग डॉक्टरांनी एका सुईने राखणकण सोडले. ते आयुष्यभर अंगात राहणार होते आणि होईल ती गाठ विरघळवणार होते.

आताही ओळखीची ऊब जाणवली, गाठ विरली आणि तान्ही लेक चुटूचुटू प्यायला लागली.

थोड्या वेळाने आई नातीला आंघोळ घालायला बसली. नवजात बाळांच्या छातीवर बोराएवढा फुगवटा येतो. तो पिळून काढायची घरातली जुनी रीत. शाल्मलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, पिळायचं नाही हं. आपोआप ओसरतो."

"अगं, ओसरला की!" आई आज कौतुकाने म्हणाली. "कालपर्यंत चांगला हाताला लागत होता. देवाशपथ, मी बोटसुद्धा लावलं नाही."

शाल्मलीने लेकीच्या छातीवरून बोट फिरवलं. पुढे वयात येताना जिच्यातून छाती भरते, ती इवलीशी चकतीही लागेना. कातडीखाली नुसत्या बरगड्या होत्या. आणि तीच ओळखीची ऊब.

तिने फोन उघडला. इतकी वर्षं त्यावर राखणकणांकडून रोज एकच ओळ यायची: 'राखण सुरू आहे. शरीर एक.'

आज तिथे दोन होतं.