ताप येण्याआधीच्या गोळ्या

नीतूने औषधांचा डबा पलंगावर पालथा केला. क्रोसिन निघाली, गॅसच्या गोळ्या निघाल्या, तिच्या कॅप्सूलची पट्टी मात्र नाही.

"आई, माही पट्टी कुठं गेली?"

सासूबाई, सिंधुताई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "समोरच्या ललिताले देल्ली. तिच्या नवऱ्याची दाढ सुजली, बोंबलून राहिला होता बिचारा. तुले कुठं ताप आहे?"

सेक्टर सहाच्या या क्वार्टरांच्या लाइनीत औषध कुणाचंही असो, ज्याचं दुखतं तो खातो. सगळं बिनबोभाट चालतं.

नीतूचा गर्भ गेला, पिशवीची सफाई झाली, त्याला आठवडाही उलटला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ताप येऊ नये म्हणूनच या गोळ्या. मध्येच सोडल्या आणि आत पू झाला तर पुढचं मूल अवघड. नवरा प्रवीण प्लांटमध्ये ड्यूटीवर, त्याचा फोन लॉकरमध्ये, चिठ्ठी त्याच्या पाकिटात. चिठ्ठीशिवाय दुकानवाला गोळी देत नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा डबा उपसू लागली.

"ताप आल्यावर खाऊन काय करू? मले पुन्हा पोर पाहिजे, आई!" ती ओरडलीच. "तुमीच म्हणाल्या, कोणाले सांगू नको. मी दारात रडलीसुद्धा नाही. आता कोणत्या तोंडानं मागू गोळ्या?"

सिंधुताईंचा हात थांबला. दिलेलं परत मागणं म्हणजे त्यांच्या लेखी थुंकून चाटणं. शेजारी अडकलेली वाटीसुद्धा त्यांनी कधी मागितली नव्हती. त्या उठल्या आणि अनवाणीच बाहेर पडल्या.

नीतू खिडकीशी धावली. ललिताच्या अंगणात बायका कोहळ्याच्या बड्या उन्हात वाळत टाकायला जमल्या होत्या. आज नेमक्या सगळ्याच!

"ललिता, त्या गोळ्या वापस दे."

"कावून जी काकी? यायले तर आराम पडून राहिला." ललिता हसली. "कोणाच्या होत्या?"

बायकांचे हात थांबले. सिंधुताईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"माह्या नीतूच्या. आमचं लेकरू गेलं, बाई. आण लवकर."